राज्याबाहेरचं कॉलेज परवडेल का? अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी खर्चाचा हिशेब, पायरी पायरीने

आमच्या थोरलीला मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा घरात पेढे वाटून झाले, पुण्याला आजीला फोन झाला, विद्यापीठाचं नाव छापलेला स्वेटशर्टही मागवून झाला. खर्चाचं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. पत्राच्या तळाशी ‘तुम्हाला भरायची रक्कम’ या रकान्यात शून्य होतं, म्हणून त्या दिवशी आम्ही निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने वरच्या ओळी एकेक करून वाचल्या. एक ओळ मुलीच्या नावावरच्या ५,५०० डॉलर कर्जाची होती. तिच्या खाली ‘पेरेंट प्लस’ नावाची ४१ हजारांची ओळ होती. तेही कर्जच, फक्त आईवडिलांच्या नावावरचं. ही दोन्ही कर्जं ‘मदत’ या मथळ्याखाली मांडली होती. शून्य आलं होतं ते असं.

ती तिथे गेली नाही. तिला हे सांगितलं ती रात्र मला आजही जड जाते, कारण चूक तिची नव्हती. हिशेब आम्ही फार उशिरा केला होता. धाकट्याच्या वेळी क्रम उलटा केला: कोणत्या राज्यात, कोणत्या नियमाने खर्च खाली येतो ते आधी शोधलं आणि मग कॉलेजांची यादी केली. त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. मूल अकरावीत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हे काम हाती घेतलंत तर घाई होणार नाही.

आधी हे समजून घ्या: एका कॉलेजचे दोन भाव

सरकारी विद्यापीठ त्या राज्यातल्या करदात्यांच्या पैशावर उभं असतं, म्हणून तिथल्या मुलांना इन-स्टेट दर आणि बाहेरच्यांना त्याच्या दुप्पट, तिप्पट दर लागतो. पण बाहेरचा दर सगळीकडे सारखा नसतो. इंडियानातल्या पर्ड्यूने आपली ट्यूशन २०१३ पासून गोठवून ठेवली आहे: राज्यातल्या मुलाला वर्षाला ९,९९२ डॉलर, बाहेरच्याला २८,७९४. शेजारच्या राज्यात, ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात, बाहेरच्या मुलाची नुसती ट्यूशन ६० हजारांच्या वर जाते. दोन्हीकडे इंजिनिअरिंग नावाजलेलं. कॅलिफोर्नियात यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, नेहमीच्या फीवर बाहेरच्या मुलाला वर्षाला ३४ हजारांहून जास्त वेगळी रक्कम भरावी लागते, आणि यूसीच्या स्वतःच्या निधीतून बाहेरच्यांना मदत मिळेल अशी फारशी आशा ठेवू नये.

खासगी कॉलेजांत राज्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्याकडे पुढे येते.

पहिली पायरी: तुमचा पत्ता आणि तुमचा व्हिसा

अजून आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचा पत्ता म्हणजे आईवडिलांचा पत्ता. बहुतेक राज्यांत प्रवेशाआधी सलग १२ महिने तिथे कायमच्या इराद्याने राहिलेलं असावं लागतं, आणि शिकायला येऊन काढलेले महिने त्यात धरत नाहीत. ‘पहिलं वर्ष जास्त भरू, दुसऱ्या वर्षापासून इन-स्टेट होईल’ हे आपल्या ओळखीपाळखीत फार ऐकू येतं. त्यावर बेत आखू नका. यूटा आणि मिझुरी या राज्यांत विद्यार्थ्याला वर्षभर राहून निवासी होण्याची वाट आहे, पण त्यासाठी सुट्टीतही राज्यातच राहावं लागतं, तिथली नोकरी, तिथलं लायसन्स, तिथे भरलेला कर असे पुरावे द्यावे लागतात. ज्याला दर सुट्टीत घरी यायचंच आहे त्याच्यासाठी ही वाट नाही. कॅलिफोर्नियात तर आईवडील बाहेर राहत असतील तर मुलाने पैशाच्या बाबतीत स्वतंत्र असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि पदवीच्या मुलाला ते जवळजवळ अशक्य होतं.

आता व्हिसा. यावर आपल्या लोकांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मूल इथे जन्मलेलं, म्हणजे अमेरिकन नागरिक असेल, तर आईवडील एच-वनबीवर असले तरी ते फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरू शकतं. पालकाच्या व्हिसामुळे मुलाचा हक्क जात नाही. मूल एच-फोरवर, म्हणजे एच-वनबीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर सरकारी मदत आणि सरकारी कर्ज दोन्ही मिळत नाही. पण इन-स्टेट दराचा नियम वेगळा आहे. अनेक राज्यं एच-फोरवरच्या मुलालाही निवासी मानतात, काही मानत नाहीत, म्हणून ज्या राज्यात राहता तिथला नियम विद्यापीठाच्या रेसिडन्सी ऑफिसला ईमेल करून लेखी मागवा. आणि वय मोजा. एच-फोर २१व्या वर्षी संपतो. ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं असेल तर मुलाला तिसऱ्या वर्षाच्या आसपास एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं आणि मग कित्येक ठिकाणी इन-स्टेट दरही जातो. ज्या घरात हे होणार आहे, त्यांनी उरलेल्या दीड-दोन वर्षांसाठी बाहेरचा दर धरूनच हिशेब मांडावा. मेरिट स्कॉलरशिपना अनेक ठिकाणी व्हिसाची आडकाठी नसते, पण प्रत्येक स्कॉलरशिपच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात.

एक गोष्ट आपल्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण इथे एमएस करायला आले. त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना बाहेरच्या दरात सूट आहे का, हे विचारा. दक्षिणेतली आणि मिडवेस्टमधली बरीच सरकारी विद्यापीठं अशी सूट देतात.

दुसरी पायरी: राज्याराज्यांमधले करार

शेजारच्या राज्यांनी एकमेकांच्या मुलांना कमी दरात घ्यायचं, असे चार मोठे करार आहेत.

पश्चिमेकडे वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, ज्याला सगळे ‘वूई’ म्हणतात. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा, यूटा, कोलोराडोपासून थेट डकोटांपर्यंत आणि अलास्का, हवाईसुद्धा. यात बाहेरच्या मुलाला इन-स्टेट दराच्या जास्तीत जास्त दीडपट पैसे पडतात. १५० पेक्षा जास्त कॉलेजं आहेत, पण सगळी नाहीत: यूसीच्या कॅम्पसांपैकी फक्त मर्सेड यात आहे. शिवाय कॉलेज यात असलं तरी प्रत्येक विषय असेलच असं नाही. नर्सिंग आणि इंजिनिअरिंग पुष्कळ ठिकाणी वगळलेलं असतं, काही ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि अर्ज लवकर द्यावा लागतो. आणि वूईच्या दराने शिकत असलेला काळ निवासासाठी मोजला जात नाही.

मिडवेस्टमध्ये मिडवेस्ट स्टुडंट एक्स्चेंज आहे. तिथेही सरकारी कॉलेजात दीडपटीची मर्यादा आहे. मिनेसोटाचे विस्कॉन्सिन आणि दोन्ही डकोटांशी वेगळे, याहून चांगले करार आहेत, त्यामुळे त्या भागात राहणाऱ्यांनी ते आधी पाहावेत.

दक्षिणेतला ॲकॅडेमिक कॉमन मार्केट सगळ्यात उदार, कारण यात पूर्ण इन-स्टेट दर मिळतो. अट अशी की तो अभ्यासक्रम तुमच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत नसला पाहिजे. साधं कॉम्प्युटर सायन्स यात बसणार नाही, पण जरा वेगळ्या नावाचा, वेगळ्या रोखाचा विषय बसू शकतो. प्रवेश मिळाल्यावर स्वतःच्या राज्याच्या समन्वयकाकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुलाने मध्येच विषय बदलला तर सवलत तिथेच संपते. ज्याचं मन अजून दोन विषयांत हेलकावे खातंय, त्याला मी हा मार्ग सुचवणार नाही. टेक्सास आणि फ्लोरिडा या करारात पदवीच्या पातळीवर नाहीत, आणि नॉर्थ कॅरोलायना तर यात अजिबातच नाही.

न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांत ‘ट्यूशन ब्रेक’ आहे, १९५७ पासून चालत आलेला. तोही विषयावरच बेतलेला.

आणि आता आमच्यासारख्यांसाठी वाईट बातमी. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या चारपैकी एकाही करारात नाहीत. एडिसन-पार्सिपनीपासून फिलाडेल्फियाच्या उपनगरांपर्यंत एवढी मराठी कुटुंबं आहेत आणि त्यांच्यासाठी ही पायरी रिकामी आहे. पुढच्या दोन पायऱ्या म्हणून त्यांनी जास्त लक्षपूर्वक वाचाव्यात.

तिसरी पायरी: बाहेरच्यांनाही स्वस्त असलेली विद्यापीठं

काही राज्यांना मुलं हवी असतात. नॉर्थ कॅरोलायनाने २०१८ साली ‘एनसी प्रॉमिस’ योजना सुरू केली तेव्हा ठरावीक कॅम्पसांवर राज्यातल्या मुलाला सत्राला ५०० डॉलर आणि बाहेरच्याला २,५०० डॉलर ट्यूशन ठेवली. वेस्टर्न कॅरोलायना, यूएनसी पेम्ब्रोक आणि एलिझाबेथ सिटी स्टेट ही पहिली तीन. फेएटव्हिल स्टेट नंतर आलं. राहणं-जेवण आणि इतर फी वेगळी, तरीही आकडा पुन्हा वाचावा असा आहे. चालू वर्षाचा दर विद्यापीठाच्या बर्सरच्या, म्हणजे फी घेणाऱ्या ऑफिसच्या, पानावर बघून घ्या. नॉर्थ आणि साउथ डकोटातल्या सरकारी विद्यापीठांतही बाहेरच्याचा दर इतर राज्यांच्या मानाने खूप कमी असतो. मेन विद्यापीठाने ठरावीक राज्यांतल्या चांगल्या गुणांच्या मुलांना त्यांच्या घरच्या मुख्य सरकारी विद्यापीठाइतकाच दर लावायची योजना चालवली आहे, आणि ती ईशान्येकडच्या आपल्या लोकांनी नक्की तपासावी.

‘हे नाव कुणी ऐकलेलं नाही’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. आमच्याकडे मीच म्हटलं होतं. मग धाकट्याच्या विषयाच्या विभागाचं पान उघडून गेल्या वर्षीची मुलं कुठे नोकरीला लागली ते पाहिलं, आणि माझं मत बदललं.

चौथी पायरी: मेरिट, जी आधी मोजता येते

मेरिट स्कॉलरशिप दोन प्रकारच्या. एक, जी समिती ठरवते आणि जिचा भरवसा देता येत नाही. दुसरी, जिचा तक्ता वेबसाइटवर छापलेला असतो: इतका जीपीए, इतका एसएटी, इतके डॉलर. परवडणारं कॉलेज शोधताना आधी दुसरी पाहा. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाचं नाव यात सगळ्यात पुढे येतं. तिथली निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या राज्यांतली आहेत, आणि त्याचं मोठं कारण हा तक्ता. मिसिसिपी, न्यू मेक्सिको, ॲरिझोना इथेही असे तक्ते शोधा. अशा ठिकाणी एसएटीचे ४० गुण वाढले तर मूल वरच्या ओळीत जाऊन वर्षाला हजारो डॉलर वाचू शकतात. परीक्षेचे गुण देणं ऐच्छिक असलं, तरी स्कॉलरशिपसाठी ते अनेकदा लागतात. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, हा निर्णय तक्ता समोर ठेवून घ्या. अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटीही मनावर घ्या: तिच्या गुणांवरून निवडल्या जाणाऱ्या नॅशनल मेरिट फायनलिस्टांना अलाबामा आणि टेक्सास विद्यापीठाचं डॅलस कॅम्पस फार मोठी सवलत देतात.

टेक्सासचा एक कायदा माहीत असायलाच हवा. तिथल्या सरकारी विद्यापीठाने बाहेरच्या मुलाला स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप दिली, तर विद्यापीठ त्याला बाहेरचा दर माफ करू शकतं. म्हणजे हजार डॉलरच्या स्कॉलरशिपची खरी किंमत कितीतरी जास्त होते. अशा जागा मर्यादित असतात, म्हणून अर्ज अगदी सुरुवातीला द्यावा.

ज्यांचा तक्ता नाही, त्यांची पारख ‘कॉमन डेटा सेट’ या कागदाने करा. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यात एच विभाग उघडा आणि ‘एच-टू-ए’ हा तक्ता बघा. तिथली एन ओळ सांगते की आर्थिक गरज नसतानाही किती मुलांना कॉलेजने स्कॉलरशिप दिली, आणि ओ ओळ सांगते की सरासरी किती दिली. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या संख्येने एन ओळीला भागा. दहातल्या चार मुलांना मिळत असेल तर आशा आहे. शंभरातल्या दोघांना मिळत असेल तर तुमचं मूल त्या दोघांतलं असेल असं धरून चालू नका, ते कितीही हुशार असलं तरी. हा एक आकडा आम्ही थोरलीच्या वेळी पाहिला असता तर ते कॉलेज यादीत आलंच नसतं.

पाचवी पायरी: गरजेवरची मदत

उत्पन्न मध्यम असेल तर ही पायरी वगळू नका. २०११ पासून प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवणं कायद्याने भाग आहे. करभरणीचे कागद घेऊन बसा, प्रत्येक कॉलेजला पंधरा-वीस मिनिटं द्या, आणि सरकारी कॉलेज असेल तर आउट-ऑफ-स्टेट हाच पर्याय निवडला आहे ना ते बघा.

राज्याबाहेरच्या मुलाचीही पूर्ण गरज भागवू असं म्हणणारी सरकारी विद्यापीठं मोजकी. व्हर्जिनिया विद्यापीठ आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ ही त्यातली दोन. प्रवेश मात्र अवघड, चॅपल हिलला बाहेरच्या मुलांवर १८ टक्क्यांची मर्यादा आहे. श्रीमंत खासगी विद्यापीठांचा छापील भाव बघून मागे फिरू नका: २०२५ पासून प्रिन्स्टनला दीड लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक घरांना काहीच भरावं लागत नाही, आणि एमआयटी, हार्वर्डला दोन लाखांपर्यंत ट्यूशन लागत नाही. त्याहून कमी नावाजलेली खासगी कॉलेजंही पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील ट्यूशनच्या सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. एक ध्यानात ठेवा, खासगी कॉलेजांचा सीएसएस प्रोफाइल फॉर्म राहत्या घराची किंमतही विचारतो. फॅफ्सा ती धरत नाही.

सहावी पायरी: चार वर्षांचा तक्ता

एक साधी स्प्रेडशीट करा. प्रत्येक कॉलेजला एक ओळ, आणि रकाने चारही वर्षांचे. एकाच वर्षाचा आकडा फसवतो, तो असा. समजा ट्यूशन ३०,००० आहे आणि स्कॉलरशिप दरवर्षी १५,०००, ठरलेली. तुम्ही मनात चार वर्षांचे ६०,००० धरता. ट्यूशन दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती ३३,७४६ होते, स्कॉलरशिप तिथेच राहते, आणि चार वर्षांचे होतात ६७,३९४. चौथ्या वर्षाचा तुमचा वाटा पहिल्यापेक्षा २५ टक्के जास्त. म्हणून स्कॉलरशिप टक्क्यांत आहे की ठरलेल्या रकमेत, आठ सत्रांपुरती आहे का, आणि टिकवायला जीपीए किती लागतो, हे तीन रकाने असलेच पाहिजेत. ३.० आणि ३.५ यांत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फार अंतर असतं.

मग जे ट्यूशनच्या पानावर नसतं ते घाला. इंजिनिअरिंग आणि बिझनेसची वेगळी फी. विमानाची तिकिटं, थँक्सगिव्हिंगची धरून, कारण कित्येक डॉर्म सुट्टीत बंद होतात. उन्हाळ्यात सामान ठेवायचं भाडं. आरोग्य विमा हा खड्डा मोठा आहे: घरचा विमा त्या राज्यात फक्त इमर्जन्सीपुरता चालत असेल, तर कॉलेजचा विमा घ्यावा लागतो, आणि तो काही हजारांचा असतो. घरचा विमा चालत असेल तर माफीचा फॉर्म वेळेत भरा, नाहीतर बिलात रक्कम आपोआप लागते. ५२९ खात्यातले, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यातले, पैसे कोणत्याही राज्यातल्या कॉलेजला चालतात, त्याची चिंता नको. एपीचे, म्हणजे हायस्कुलात केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचे, किती क्रेडिट धरतील तेही लिहा, एक सत्र वाचलं तर तो सगळ्यात मोठा डिस्काउंट.

या ओळींत तुमच्या राज्यातलं सरकारी विद्यापीठही ठेवा. बाकीच्यांची तुलना त्याच्याशीच करायची आहे.

सातवी पायरी: तारखा

फॅफ्सा साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. स्कॉलरशिपच्या तारखा प्रवेशाच्या तारखेपेक्षा वेगळ्या आणि अलीकडच्या असतात, बहुधा १ नोव्हेंबर ते १ डिसेंबरच्या दरम्यान. अर्ली ॲक्शन द्या, म्हणजे लवकरचा पण न बांधणारा अर्ज. अर्ली डिसिजन मात्र प्रवेश मिळाला तर त्याच कॉलेजला बांधून टाकतं आणि इतर कॉलेजांच्या रकमांशी तुलना करायची संधी जाते, म्हणून पैशांचा प्रश्न असलेल्या घराने ते टाळावं.

पत्रं आल्यावर

पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: बक्षीस, की कर्ज, की कॅम्पसवरची नोकरी. फक्त बक्षिसं वजा करून जे उरतं, तो खरा खर्च. मुलाच्या नावावरचं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, मग ६,५००, मग दोन वर्षं ७,५००, असं चार वर्षांत २७,००० पर्यंतच मिळतं. एवढं कर्ज पहिल्या नोकरीत फिटू शकतं, असं माझं मत. पेरेंट प्लस पूर्वी अख्ख्या खर्चाइतकं घेता यायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा आली आहे. जे अंतर या दोन कर्जांतून भरत नाही ते खासगी कर्जाने भरायचं असेल, तर ते कॉलेज यादीतून काढा.

रक्कम थोडक्यात हुकत असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला लिहा. नोकरी गेली, आजारपण आलं, भारतात आईवडिलांचा खर्च उचलता, तर कागद जोडा. तशाच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्र जोडा. ‘हेच आमच्या मुलाचं पहिलं पसंतीचं कॉलेज आहे आणि इतके डॉलर कमी पडताहेत’ असं नेमकं लिहा. धाकट्याच्या वेळी एका कॉलेजने नकार दिला, दुसऱ्याने दरवर्षी ३,००० वाढवले. त्यासाठी एक ईमेल लागला.

१ मेच्या आत डिपॉझिट भरण्याआधी तीन प्रश्न ईमेलनेच विचारा, फोनवर नाही: विषय बदलला तर दर किंवा स्कॉलरशिप बदलेल का, एका सत्रात जीपीए घसरला तर सावरायला वेळ मिळेल का, आणि पाचवं वर्ष लागलं तर कोणता दर लागेल. उत्तर आलं की त्याची पीडीएफ करून त्याच स्प्रेडशीटच्या फोल्डरमध्ये ठेवा.